कुलूप राहिले कुणामुळे?

अमेरिकेत बॉस्टनजवळच्या बेडफर्ड विमानतळावर ३१ मे २०१४ रोजी रात्री पावणेदहाच्या सुमारास गल्फस्ट्रीम-४ जातीचे एक खासगी जेट धावपट्टीवर वेगात निघाले आणि जमिनीवरून उठलेच नाही. धावपट्टी संपली, पुढची मोकळी जागा संपली, विमान कुंपण तोडून घळीत गेले आणि पेटले. चार प्रवासी, दोन वैमानिक आणि एक हवाई सेविका, सातही जण गेले. हवा चांगली होती. इंजिनांची काही तक्रार नव्हती. दोन्ही वैमानिक अनुभवी होते आणि सुमारे बारा वर्षे एकत्र उडत होते. एकच गोष्ट करायची राहिली होती, गस्ट लॉक सोडवायची.

उभ्या विमानाच्या पंखांवरचे आणि शेपटीवरचे हलते भाग वाऱ्याच्या झोताने आपटून खराब होऊ नयेत, म्हणून ते जखडून ठेवणारे हे कुलूप. इंजिन सुरू करण्यापूर्वी ते सोडवायचे असते. त्यानंतर टेक-ऑफपूर्वी कंट्रोल पूर्ण मागे, पूर्ण पुढे, डावीकडे, उजवीकडे आणि पायाखालची पेडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत नेऊन सगळे मोकळे हलते आहे ना, हे बघायचे असते. याला मिनिटभरही लागत नाही. त्या रात्री हे झाले नाही. धावपट्टीवर येताना शेपटीवरच्या रडरबद्दलची सूचना समोर दिसली, तिच्याबद्दल दोघे बोललेही, तरी विमान पुढे निघाले. वेग वाढल्यावर मुख्य वैमानिकाच्या लक्षात आले. लॉक लागलेले आहे, असे तो पुन्हा पुन्हा म्हणाला, ते कॉकपिटमधल्या रेकॉर्डरवर आहे. पहिल्यांदा हे शब्द उच्चारल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दहा-अकरा सेकंद गेले. तेवढ्यात धावपट्टी हातची गेली.

हे जेट मोठे होते, पण ही चूक लहान विमानांच्या जगात जुन्या ओळखीची आहे. जगभरच्या फ्लाइंग क्लबांत शिकाऊ विमान म्हणून वापरल्या जाणाऱ्या सेस्ना १७२ मध्ये हेच काम वाकवलेली एक पोलादी पिन करते. वैमानिकासमोरच्या कंट्रोलच्या दांड्याला भोक असते, त्यातून ती आरपार घालायची. पिनेला लाल पत्रा जोडलेला असतो आणि तो नेमका इंजिनच्या किल्लीच्या जागेवर येतो. पिन काढल्याशिवाय किल्ली लावताच येऊ नये, ही योजना. साधी आणि फार चांगली योजना आहे ही. पण मूळ पिन हरवते आणि मग कुणीतरी त्याच भोकात बोल्ट किंवा खिळा अडकवून देतो. दांडा जखडला जातो, किल्ली मात्र उघडी राहते. असा बोल्ट तसाच ठेवून टेक-ऑफला गेलेली विमाने पडलेली आहेत. टाकीच्या तळाशी साचलेले पाणी न काढणे, टाकीत न डोकावता इंधनाच्या काट्यावर विसंबणे, वेग मोजणाऱ्या पिटो नळीवरचे आवरण तसेच राहू देणे, वजनाचा हिशेब न करता मागे सामान भरणे, हेही याच प्रकारात मोडते. बारामती, शिरपूर किंवा गोंदियाजवळचे बिरसी, जिथे जिथे आपली मुले उडायला शिकतात, तिथे रोज सकाळी याच गोष्टी तपासायच्या असतात. म्हणून बेडफर्डचा हिशेब आपणही मांडला पाहिजे.

अशा अपघातानंतर एक मत लगेच मांडले जाते. तपासणी वैमानिकाची, म्हणून जबाबदारीही वैमानिकाची. मागे बसलेल्या माणसाला गस्ट लॉक म्हणजे काय, हेही ठाऊक नसते. त्याने विश्वासाने पट्टा बांधलेला असतो. हे मत नुसते कडक नाही, त्यात तथ्य आहे आणि बेडफर्डच्या तपासात त्याला आकड्यांचा आधारही मिळाला. विमानातल्या यंत्रात साठलेल्या नोंदी उलगडल्या, तेव्हा कळले की आधीच्या १७५ टेक-ऑफपैकी ९८ टक्के वेळा या वैमानिकांनी कंट्रोलची पूर्ण तपासणी केलेलीच नव्हती. लॉक सोडवायचे ते त्या रात्री विसरले असतील. तपासणी मात्र ते विसरले नव्हते, ती त्यांनी केव्हाच सोडून दिलेली होती. त्या रात्री ते नेहमीसारखेच वागले, फरक इतकाच की त्या रात्री लॉक लागलेले होते.

दुसरे मत यंत्राकडे बोट दाखवते, आणि तेही वाऱ्यावर सोडण्यासारखे नाही. गल्फस्ट्रीम-४ मध्ये लॉक लागलेले असताना थ्रॉटल सहा अंशांपलीकडे जाऊ नये, अशी अडसर-व्यवस्था होती. म्हणजे कुणी लॉक विसरलाच, तर टेक-ऑफपुरती ताकद इंजिनांना मिळूच नये आणि चूक जागच्या जागी उघडी पडावी. अपघातानंतर याच जातीची विमाने तपासली, तर थ्रॉटल त्याच्या तिप्पट-चौपट पुढे जात असल्याचे आढळले. ही व्यवस्था नियामक संस्थेने मान्य केली ती आराखड्यांच्या आधारे, प्रत्यक्ष विमानावर करून पाहून नव्हे. वैमानिकाने कंट्रोल हलवून पाहिले नाही आणि नियामकाने थ्रॉटल हलवून पाहिले नाही. दोन्हीकडे वगळलेले काम एकाच जातीचे आहे, आणि दोष एकट्या वैमानिकाच्या पदरात टाकणाऱ्यांनी यावर थोडे थांबून विचार करायला हवा.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने निष्कर्ष लिहिताना एक क्रम पाळला. न केलेली तपासणी, लॉक लागलेले असताना केलेला टेक-ऑफचा प्रयत्न आणि तो सोडून द्यायला झालेला उशीर, ही अपघाताची कारणे. चेकलिस्टकडे दुर्लक्ष करण्याची वैमानिकांची सवय, कंपनीची अपुरी अडसर-व्यवस्था आणि ती हेरू न शकलेली नियामक संस्था, या कारणांना हातभार लावणाऱ्या गोष्टी. मला हा क्रम पटतो. अडसर कितीही पक्का केला, तरी तो एका कुलपापुरता असतो. न काढलेले पाणी, उलट्या जोडलेल्या केबल, सैल राहिलेले इंधनाचे झाकण यांना तो अडवणार नाही. तपासणी करणारा माणूस यातले काहीही अडवू शकतो. पण क्रमात दुसरे असणे म्हणजे क्षुल्लक असणे नव्हे. मंडळाने दुसरी बाजू लिहिलीच नसती, तर त्या जातीच्या बाकीच्या विमानांतला दोष तसाच राहिला असता.

यंत्राला दोष देण्याची वाट फार लांब नेली तर काय होते, हेही अमेरिकेनेच पाहिले आहे. लहान विमाने दशकानुदशके उडतात. पंचवीस-तीस वर्षांच्या विमानाच्या अपघातातही कंपनीवर खटले भरले जात, आणि वैमानिकाचा हलगर्जीपणा उघड दिसत असतानाही भरपाईचा मोठा बोजा तिच्यावर येई. सेस्नाने १९८६ मध्ये पिस्टन इंजिनची लहान विमाने बनवणे बंदच केले. मंदीसारखी इतर कारणेही त्यामागे होती, पण खटल्यांचा आणि विम्याचा खर्च हे मोठे कारण असल्याचे कंपनीने उघडपणे सांगितले. अखेर १९९४ मध्ये कायदा झाला की, लहान विमान आणि त्याचे भाग यांबाबत साधारणपणे अठरा वर्षांनंतर उत्पादकावर दावा लावता येणार नाही. त्यानंतर दोनेक वर्षांत सेस्नाने कॅन्ससमध्ये नव्या कारखान्यात उत्पादन पुन्हा सुरू केले. मधल्या काळात नवी, अधिक सुरक्षित विमाने फारशी आलीच नाहीत आणि शिकणारे जुन्यावरच शिकत राहिले. सुरक्षेच्या नावाने सुरू झालेल्या दाव्यांनी सुरक्षेलाच खीळ घातली.

तेव्हा दोन्ही पारड्यांत वजन आहे. पण माझ्या मते या वादात मुख्य प्रश्न सुटूनच जातो. तपासणी राहून जाते ती दोन अगदी वेगळ्या कारणांनी. एक विसर, दुसरी सवय. आपण दोन्हींना एकाच छडीने मारतो, किंवा एकाच सहानुभूतीने झाकतो.

विसराचे उदाहरण १९३५ चे आहे. ३० ऑक्टोबरला ओहायोतल्या राइट फील्डवर बोइंगच्या मॉडेल २९९ या चार इंजिनांच्या नव्या बॉम्बर विमानाने उड्डाण केले, ते एकदम सरळ वर चढले, वेग गमावून खाली आले आणि जळाले. तिथेही गस्ट लॉकच लागलेले होते. सैन्याचे मेजर प्लॉयर हिल त्यात प्राणाला मुकले, बोइंगचे मुख्य चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर पुढे जखमांमुळे गेले. दोघांपैकी कुणीही निष्काळजी माणूस नव्हता. विमान नवे होते, पूर्वीच्या कुठल्याही विमानापेक्षा त्यात लक्षात ठेवण्यासारखे जास्त होते, आणि ते सगळे डोक्यात ठेवायचे होते. त्यावर उपाय निघाला तो छापील यादीचा. पुढे हेच विमान बी-१७ म्हणून हजारोंच्या संख्येने बनले.

ही गोष्ट जगभर पोचवली ती शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांनी. त्यांचे वडील विदर्भातल्या उटी गावचे. वैमानिकांची यादी गावंडे शस्त्रक्रियेच्या खोलीत घेऊन गेले. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेची एकोणीस मुद्द्यांची यादी वापरून पाहिली, आणि जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले, गुंतागुंतीचे ११ वरून ७ वर. हे वाचून यादीवर विश्वास बसतो. पण याच यादीची दुसरी बाजूही नोंदलेली आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने ती सक्तीची केली. २०१४ मध्ये तिथल्या १०१ रुग्णालयांचा, दोन लाखांहून जास्त शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मृत्यूंचे प्रमाण ०.७१ वरून ०.६५ टक्के झाले होते. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा बदल लक्षणीय ठरला नाही. यादी भरल्याचे मात्र जवळपास सगळीकडून कळवले जात होते.

या दोन अभ्यासांतला फरक कशाने पडला, यावर तज्ज्ञांत वाद आहेत. माझा कल असा आहे की, यादी विसरावर औषध आहे, सवयीवर नाही. ज्याला लक्षात ठेवायचे आहे आणि राहत नाही, त्याला ती मदत करते. ज्याने मनातून ती सोडली आहे, तो तिच्यावर खुणा करतो आणि पुढे जातो. बेडफर्डच्या वैमानिकांकडे यादी नव्हती असे थोडेच आहे? त्यांच्या कंपनीने व्यावसायिक विमान चालकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकांचे ऑडिटही पार पाडलेले होते. ऑडिट करणाऱ्यांनी कार्यपद्धतीची कागदपत्रे पाहिली. कॉकपिटमध्ये यादी खरोखर वाचली जाते का, हे त्यातून कळण्याजोगे नव्हते. हे सगळे सांगू शकणाऱ्या नोंदी त्याच विमानात साठत होत्या, आणि त्या उलगडल्या गेल्या सात माणसे गेल्यावर.

शिवाय सवय ही दोन वाईट वैमानिकांपुरती गोष्ट नाही. या अपघातानंतर अमेरिकेतल्या व्यावसायिक विमान चालकांच्या संघटनेने इतर विमानांतल्या अशाच नोंदी तपासल्या. सुमारे १ लाख ४४ हजार उड्डाणांपैकी जवळपास १८ टक्के उड्डाणांत कंट्रोलची तपासणी अर्धवट होती किंवा झालीच नव्हती. अर्धवट असणाऱ्यांचे प्रमाण त्यात मोठे होते, हे खरे. तरीही हे सगळे पगारी, परवानाधारक, नियमित परीक्षा देणारे वैमानिक होते. यामागचे कारण मला फार मानवी वाटते. तपासणीतून बहुतेक वेळा काहीच निघत नाही. शंभर वेळा कंट्रोल मोकळे असते, म्हणून एकशेएकाव्या वेळी ते मोकळेच असणार, असे हाताला वाटू लागते. प्रत्येक सुखरूप उड्डाण ही सवय पक्की करत जाते, आणि तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला कुणीही नसते.

मग शिक्षेचे काय? आपल्याकडे २०१७ च्या विमान अपघात तपास नियमांत स्पष्ट लिहिले आहे की, तपासाचा उद्देश पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोष किंवा दायित्व ठरवणे हा नाही. दुसरीकडे माणसे दगावली की पोलिसांत गुन्हा नोंदवला जातो, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली हलगर्जीपणाने मृत्यूला कारण झाल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्या घरातला माणूस गेला, त्या घराला 'दोष ठरवणे हा उद्देश नाही' हे वाक्य किती पोकळ वाटत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. जबाबदार कोण, हे विचारण्याचा त्यांचा हक्क कुणीही काढून घेऊ नये. मात्र जिथे प्रत्येक कबुलीचे आरोपपत्र होऊ शकते, तिथे कबुली मिळत नाही, आणि तपास करणाऱ्याला उरतो तो मोडका सांगाडा. शिकाऊ उड्डाणांत अनेकदा विद्यार्थी वाचतो. तो खरे बोलला, तरच पुढच्याला उपयोग.

यावर अमेरिकेने १९७६ पासून एक मधला मार्ग ठेवला आहे. आपली चूक वैमानिकाने दहा दिवसांत लेखी कळवायची. ही पत्रे नासाकडे जातात, दंड करणाऱ्या संस्थेकडे नाही, आणि तिथे नावे काढून टाकली जातात. चूक अजाणता झालेली असेल आणि तिच्यातून अपघात घडलेला नसेल, तर सहसा परवान्यावर कारवाई होत नाही. जाणूनबुजून मोडलेल्या नियमाला हे संरक्षण नाही. विसर आणि सवय यांत फरक करणारी ही रेघ मला न्याय्य वाटते. तिला एक मर्यादा आहे. विसरणारा स्वतःहून लिहील, कारण त्याला धक्का बसलेला असतो. तपासणी सोडून दिलेला माणूस काय लिहिणार? त्याच्या मते काही घडलेलेच नसते. त्याला बाहेरूनच कुणीतरी पाहावे लागते.

जेटमध्ये हे पाहण्याचे काम नोंदयंत्र करू शकते. लहान शिकाऊ विमानांत तशी सोय बहुधा नसते. नव्या सेस्नांमधले डिजिटल पॅनेल वेग, उंची, इंजिनचे तापमान नोंदवते, पण शेपटीवरचा एलेव्हेटर किती हलला हे नोंदवत नाही. पण याच विमानांच्या बाबतीत माणसाचा डोळा पुरतो. विमान धावपट्टीच्या तोंडाशी रन-अपसाठी, म्हणजे उड्डाणापूर्वी इंजिन तपासण्यासाठी थांबते, तेव्हा शेपटीवरचा एलेव्हेटर वर-खाली होताना आणि पंखांवरचे एलरॉन उलटसुलट हलताना बाजूला उभ्या असलेल्या कुणालाही दिसतात. त्याआधीची फेरीही दिसते. विद्यार्थी पंखाखाली वाकून पारदर्शक प्लास्टिकच्या नळीत थोडे पेट्रोल काढतो आणि उजेडाकडे धरतो. निळसर पेट्रोलच्या तळाशी पाण्याचा थेंब वेगळा दिसतो का, हे पाहायला किती वेळ दिला, हे लांबूनही कळते. नळी बघितली की नुसती झटकली, हेही कळते.

म्हणून माझे म्हणणे असे की, प्रशिक्षणाच्या मैदानावर ही मोजणी नियमित व्हावी, आणि तिचा निकाल आधी संस्थेवर लागावा, विद्यार्थ्यावर नंतर. वीस विमानांपैकी सहांनी एलेव्हेटर हलवला नाही, असे आढळले, तर तो सहा मुलांचा दोष नाही, ती त्या मैदानाची रीत आहे, आणि जाब मुख्य प्रशिक्षकाला विचारायला हवा. तोच विद्यार्थी समज दिल्यानंतरही पुन्हा पुन्हा तसाच दिसला, तर त्याचे उड्डाण थांबवावे. तिथे दया दाखवू नये. याला आक्षेप येणार हे उघड आहे. कुणी पाहत असले की सगळेच नीट वागतात, हा एक. तो खरा आहे, पण शिकाऊ वयात पाहिले जात असताना पन्नास वेळा नीट केलेली गोष्ट हाताच्या अंगवळणी पडते, आणि वाईट सवय लागते तशी चांगलीही लागते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते, त्याचा खर्च लाखोंत जातो, घरच्यांनी अनेकदा कर्ज काढलेले असते. पावसाळ्यात दिवस वाया जातात. अशा वेळी रांगेत थांबलेल्या विमानाला 'चल, लवकर' म्हणणारा बहुतेकदा संस्थेतलाच माणूस असतो, आणि त्याच संस्थेने स्वतःची मोजणी करावी, ही अपेक्षा भाबडी आहे. हा आक्षेप मी मान्य करतो, आणि म्हणूनच मोजणारा बाहेरचा हवा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) प्रशिक्षण संस्थांच्या आपल्या तपासणीत हे काम घालावे. त्याला नवा कायदा लागत नाही, नवे यंत्रही लागत नाही. लागतो तो महिन्यातली एक सकाळ, आधी न कळवता, रन-अपच्या जागेशी वही घेऊन उभा राहणारा आणि संस्थेच्या पगारावर नसलेला एक माणूस.